रोज ओंदेलगा

उंदरांना फिटची गोळी दिली की ते रोजची वाट विसरतात, आणि त्यावर ब्राह्मीचा अर्क दिला की त्यांना ती परत सापडते, असं मी पोह्यांना फोडणी देता देता मोबाईलवर वाचलं आणि माझी मोहरी जळाली.

आमच्याकडे उंदीर नव्हता, मल्लिनाथ होते. माझे मिस्टर. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, पण लिहिताना घेतलं तर चालतं, असा मीच माझ्यापुरता नियम केला आहे. त्यांचा नियम माझ्याहून कडक. लग्नात त्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, शिवलीला, आणि त्यानंतर ते एकदाही उच्चारलं नाही. नाव निवडलं होतं सासूबाईंनी. माझं माहेर मोडनिंबचं, म्हणून हे मला ‘मोडनिंब’ म्हणतात. ‘मोडनिंब, चहा टाक.’ ‘मोडनिंब, माझा चष्मा कुटं हाय?’ नवीन माणसाला वाटतं, घरात एसटीचा थांबा आहे. माझं माहेरचं नाव अनसूया. आई गेली तशी त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. भाऊ आक्का म्हणतो.

हे सोलापुरात साडीच्या दुकानात सेल्समन. उभं आयुष्य गादीवर मांडी घालून काढलेलं. कुणी बाई ‘हिरवी दाखवा’ म्हणाली की हे विचारणार, ‘कुठली हिरवी, ताई? शेवाळी, पोपटी, मेंदी, बाटली, का रामा?’ बाईला तोवर माहीतच नसायचं की जगात इतके हिरवे असतात. ती एक घ्यायला आलेली असायची आणि दोन घेऊन जायची. एक स्वतःला, एक जावेला जळवायला.

मग मागल्याच्या मागल्या दिवाळीत, ऐन गर्दीत त्यांना दुकानात फिट आली. पडले ते उलगडलेल्या साड्यांच्या ढिगावर, म्हणून डोकं वाचलं. त्यांच्याबरोबरचे बाळूभाऊ अजून सांगतात, ‘मल्लू अण्णा पडला, पण पडतानासुद्धा हलक्या मालावर नाही पडला.’

गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबली. त्या डबीला मी रोज मनातल्या मनात हात जोडते. पण फिट जाताना एकटी गेली नाही, बरोबर यांचे शब्द घेऊन गेली. वस्तू समोर दिसायची, तिचं नाव मात्र जिभेच्या अलीकडे कुठेतरी बसून राहायचं. घरात त्याची मजाच होती. कुकर म्हणजे ‘ती शिट्टीवाली’. बस म्हणजे ‘सगळ्यांची रिक्षा’. एकदा म्हणाले, ‘ते दे, ते, भाकरीला उलटं पाडायचं.’ मी उलथनं दिलं आणि हसले. तेही हसले.

दुकानात हसण्यासारखं नव्हतं. एका नवरीच्या आईने चिंतामणी रंग मागितला. साडी यांच्या हातात, रंग डोळ्यासमोर, आणि नाव गायब. बाई थांबली, नवरी थांबली, पाण्याचे ग्लास घेऊन आलेला माणूस थांबला. शेवटी हे म्हणाले, ‘ही निळीच हाय, पण पैसेवाल्यांची.’ नवरी फिदीफिदी हसली. साडी खपली, पण हे घरी आले ते कुणीतरी भर चौकात धोतर फेडल्यासारखे.

संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत आम्ही दोघं भजी खात होतो. तिथं त्यांनी मला सांगितलं, ‘मी गोळी बंद करनार.’

मी म्हटलं, ‘आणि पडलात तर?’

‘पडलो तर पडलो. मुक्यानं गादीवर बसन्यापरीस ते बरं. साडी कुनी पन उलगडतं गं, मोडनिंब. मी नावं सांगत होतो.’

यावर मी हातातलं भजं आधी खाल्लं. मग मी घासाघीस केली. मी मोडनिंबच्या बाजारात वाढले आहे, पालेभाजीच्या जुडीवर घासाघीस करते तशी नवऱ्याच्या मेंदूवर केली. शिवरात्रीपर्यंत गोळी चालू ठेवायची. तोवर मी शब्दांवर काहीतरी शोधते. सापडलं नाही तर मग तुमचं तुम्ही ठरवा. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या कागदातलं शेवटचं भजं उचललं.

शोधायचं म्हणून मी वाचायला लागले आणि मला ते उंदीर भेटले. मी लगेच ब्राह्मीच्या अर्काची बाटली आणली. देताना औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, मेंदूची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. यांनी तर बाटलीकडे पाहूनच हात जोडले. एक गोळी डोकं चालवते आहे तेवढं बास, आता त्यावर बाटलीची सत्ता नको. डॉक्टरांची तारीख शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची. बाटली फ्रिजवर जाऊन बसली.

मग मला सासूबाई आठवल्या. काशम्मा त्यांचं नाव, आम्ही अव्वा म्हणतो. त्या अक्कलकोटच्या पलीकडे, गावात थोरल्या दिरांकडे असतात. त्यांना झाडपाल्यातलं कळतं आणि मोबाईलमधलं काही कळत नाही. तो त्या कपाळाला लावून बोलतात. त्यांची भाषा कानडी; मराठी येतं, पण फोनवर कानडीच. माझं माहेर लिंगायतच, पण आमच्यात मराठी. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी ‘मला कानडी येतं’ असं जाहीर करून बसले होते, आणि तेव्हापासून अंदाजाने माना डोलावत संसार केला आहे.

मी फोनवर ओरडून सांगितलं की अव्वा, यांना शब्द आठवत नाहीत, डोक्यासाठी पाल्याचं काही आहे का. पलीकडे कोंबडी ओरडली, मग खरखर झाली, मग अव्वांचा आवाज आला.

‘दिना ओंदेलगा कोड. अगिदु तिन्नलि.’

आणि फोन गेला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खं वाक्य कळलं होतं. दिना म्हणजे रोज. कोड म्हणजे दे. अगिदु तिन्नलि म्हणजे चावून खाऊ दे. ओंद म्हणजे एक आणि एलि म्हणजे पान. एलि-अडिकि म्हणजे पान-सुपारी, हे तर मी लग्नाच्या मांडवातच शिकले होते. शेवटचा ‘गा’ मला रेंज जातानाची खरखर वाटला. रोज एक पान दे, चावून खाऊ दे. विड्याचं पान. किती सोपं, आणि मी इकडे उंदीर वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून यांच्या डब्यात भाजी-भाकरी, शेंगाची चटणी आणि चांदीच्या वर्खात गुंडाळलेला एक गोविंद विडा जायला लागला. सुपारी नाही, तंबाखू नाही; गुलकंद, बडीशेप, खोबरं, कात आणि बोटाच्या टोकाएवढा चुना. तो मात्र मी स्वतः लावायचे, कारण औषध आहे, चुकायला नको. यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, अव्वांचं औषध. आईचं नाव घेतलं की यांचे सगळे प्रश्न संपतात.

पुढे दुकानात काय झालं ते मला बाळूभाऊंकडून कळलं. जेवणानंतर हे विडा तोंडात ठेवून गादीवर बसले. एक बाई आली, तिने जांभळी मागितली. यांच्या तोंडात पान. शब्द आठवला काय आणि न आठवला काय, बोलताच येत नव्हतं. त्यांनी एक बोट वर करून ‘थांबा’ म्हटलं, साडी झपकन उलगडली, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि भुवया उडवल्या. बाई खुदकन हसली आणि थांबली. पान खाणाऱ्या माणसासाठी सगळं सोलापूर थांबतं. त्याला कुणी मुका म्हणत नाही, रंगेल म्हणतं.

हे पानाआड बसून आरामात शब्द शोधायला लागले. घाई नाही, घाम नाही. सापडला तर गिळून सांगायचे, नाही सापडला तर हातवारे. आणि गंमत अशी, की मागे कुणी लागलं नाही तर शब्द आपणहून दारात येऊन उभे राहतात, मांजरासारखे. ‘आमसुली’ आला. ‘गुलबक्षी’ आला. एक दिवस संध्याकाळी दारातूनच ओरडत आले, ‘मोडनिंब, अबोली!’ शेजारणीला वाटलं गजरा आणला. गजरा नव्हता, रंग आठवला होता. पण दुसऱ्या दिवशी गजराही आणला, कारण शब्द हातात होता तर वाया का घालवायचा.

दुकानात चर्चा सुरू झाली. या वयात रोज डब्यात विडा. विडा म्हणजे नव्या नवरा-नवरीचं काम. बाळूभाऊ मला भर रस्त्यात म्हणाले, ‘वैनी, आमच्या हिला पन जरा शिकवा की. आमच्या डब्यात फकस्त लोनचं असतंय.’ मालक शिवयोगीशेठ आधी चिडले, की मोतिया साडीवर पिंक पडली तर पगारातून कापीन. मग त्यांनी गल्ला पाहिला आणि यांच्याजवळ एक स्वच्छ पिकदाणी आणून ठेवली.

माझंही जरा वाहावलंच. मी आरशासमोर रेंगाळायला लागले. संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत पानं आणायला म्हणून जायचो आणि तलावाला वळसा घालून यायचो. पानं हातातच कोमेजायची. हे वाटेत दिसेल त्याचं नाव घ्यायचे. ‘टमटम. कंदील. म्हैस. दुसरी म्हैस.’ काही शब्द यायचेच नाहीत, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर शिवरात्र दिसायची. एकदा मी सहज विचारावं तसं विचारलं, ‘आणि माझं नाव?’

ते म्हणाले, ‘मोडनिंब.’

मी म्हटलं, ‘ते गाव झालं. नाव?’

ते हसले आणि म्हशीकडे बघायला लागले. आता ज्या माणसाने कधी नाव घेतलंच नाही, तो ते विसरला आहे की लाजतो आहे, हे बायकोने ओळखायचं कसं? मी उंदरांचं सगळं पुन्हा वाचून काढलं. उंदराला बायकोचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

शिवरात्रीला अव्वा आल्या. काखेत ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, कपाळावर विभूती. लेकाकडे पाहिलं आणि दारातच थबकल्या. लेकाचे ओठ लालभडक.

‘मल्लू, रगत?’

‘न्हाय अव्वा, पान. तुझंच औषध की. रोज खातो.’

अव्वांनी माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानाने म्हटलं, ‘तुम्हीच नाही का सांगितलं, रोज एक पान, चावून खाऊ दे. ओंद एलि.’

अव्वा खाली बसल्या, गाठोडं सोडलं. आत गोल गोल, बेडकाच्या पावलासारखी इवलीशी हिरवी पानं, मुळांसकट. त्यातलं एक देठाला धरून त्यांनी माझ्या नाकासमोर नाचवलं.

‘हे ओंदेलगा. नाव हाय ह्याचं, ओं-दे-ल-गा. विहिरीच्या पाटाला येतंय. चटणी करत्यात. मराठीत बराह्मी म्हनतात म्हणं. तू काय केलीस गं बाई? माझ्या पोराला विडा चारलीस महिनाभर?’

यांनी पाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग यांना हसू फुटलं. ते हसताना पुढे वाकले, मागे गेले, गाठोड्यावर हात आपटला, डोळ्यांतून पाणी. अव्वा आधी रागावल्या, मग त्यांचे गाल हलायला लागले, मग पदर तोंडात कोंबला. मी तेवढी उभी होते, इतक्या वर्षांचं माझं कानडी फरशीवर सांडलेलं.

हसणं ओसरल्यावर हे डोळे पुसत म्हणाले, ‘म्हंजे औषध दिलंच न्हाय की मला.’

आणि मला गड्ड्यातली भजी आठवली. करार शिवरात्रीपर्यंतचा होता आणि शिवरात्र घरात येऊन बसली होती. मी त्यांना म्हटलं, एवढं उद्याचं डॉक्टरांकडे जाऊन येऊ, मग ठरवा. ते ‘बरं’ म्हणाले. नेहमीची गोळी घेतली की नाही ते मी डबी हलवून पाहिलं. घेतली होती.

डॉक्टर देवयानी मॅडम मेंदूच्या. तरुण आहेत, शांत बोलतात. आम्ही तिघं गेलो, बरोबर फ्रिजवरची बाटली आणि फडक्यातला पाला. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, फिट आली का. यांनी नेहमीचं उत्तर दिलं, न्हाय मॅडम, लई बरं हाय, आणि उठायला लागले. दर वेळी असंच होतं. अव्वांनी त्यांचा शर्ट धरून परत खाली बसवलं.

‘ह्याला शब्द सापडंनात,’ अव्वा म्हणाल्या. ‘ही विडा चारतीया.’

मग सगळं सांगावं लागलं, उंदरांपासून विड्यापर्यंत. मॅडमनी हसू बरंच दाबलं. मग यांना विचारलं, इतके दिवस मला का नाही सांगितलं? हे म्हणाले, तुमी फिटचं विचारत होता की, शब्दांचं कुनी विचारलंच न्हाय.

‘माझं चुकलं,’ मॅडम म्हणाल्या, आणि चित्रांचं पुस्तक काढलं.

घड्याळ आलं, किल्ली आली. कासवाला हे अडले. ‘हे... सावकाश जातंय ते, घर घेऊन.’ मग मॅडम म्हणाल्या, पटापट भाज्यांची नावं सांगा. हे सुटले, ‘मेथी, वांगी, मिरची, डाळिंबी, मेंदी, पोपटी, शेवाळी, बाटली, रामा, चिंतामणी...’

‘थांबा. बाटली ही भाजी आहे?’

‘रंग हाय, मॅडम. एकदा गाडी सुटली की मग थांबत न्हाय.’ आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी ताटातल्या तांदळावर वाकलेल्या एका मुलाच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं होतं. चिंतामणी आपणहून आला होता, तोंडात पान नसताना.

मॅडमनी पेनने माझ्याकडे दाखवलं. ‘या कोण?’

‘आमच्या ह्या.’

‘नाव सांगा.’

डावीकडे आई, उजवीकडे मी, समोर परकी बाई. यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पंखा फिरत होता. मॅडमचं पेन कागदावर टेकलं. मी मनात म्हणत होते, नाही आठवलं तरी चालेल हो, मोडनिंब म्हणा, म्हैस म्हणा, काहीही म्हणा.

त्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले,

‘अनसूया.’

मॅडमनी कागद पाहिला. नातेवाइकाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, शिवलीला. त्यांनी हळूच एक फुली मारली आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. मला सांगायचं होतं, पण मी एकाच वेळी रडत आणि हसत होते, आणि अशा वेळी माणसाला मराठीही येत नाही.

‘फुली खोडा,’ अव्वा मॅडमना म्हणाल्या. ‘बरोबर हाय ते. म्हायेरचं नाव. मीच बदलली होती.’ मग लेकाकडे वळून, ‘मी ठेवलेलं नाव नको व्हय रे तुला?’

हे जमिनीकडे बघत म्हणाले, ‘तुझं तांदळात लिवलं की, अव्वा. हे माझं मी जपून ठेवलं होतं.’

मॅडमनी फुली खोडून बरोबरची खूण केली. मग त्यांनी नीट समजावलं. काही माणसांना या गोळीने शब्द सुचायला वेळ लागतो, पण ती आपली आपण एकदम बंद केली तर फिट दाराआडच उभी असते. ही हळूहळू कमी करू आणि दुसरी हळूहळू वाढवू, माझ्या सांगण्याप्रमाणे. शब्द नक्की परत येतील असं लिहून देता येत नाही, पण प्रयत्न करण्यासारखं पुष्कळ आहे. मग बाटली हातात घेतली. उंदरांचं त्यांनीही वाचलं होतं. म्हणाल्या, माणसांवर अजून पुरेसं झालेलं नाही, आणि अर्क म्हणजे पाल्याचा आटवलेला जोर, तो गोळीचा जोर वाढवेल की कमी करेल ते सांगता येत नाही. बाटली नको. जेवणात चटणीला चिमूटभर पाला चालेल. बाटलीवरचं चित्र आणि अव्वांचा पाला शेजारी ठेवून पाहिलं तर दोन वेगळीच झाडं निघाली. दोघांनाही लोक ब्राह्मीच म्हणतात.

‘मग उंदरानं नक्की काय खाल्लं?’ मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, तो अभ्यास परत वाचून सांगते.

यांनी नव्या गोळ्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवून उठले. बाहेर रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. मधे अव्वा. टपरीशी आल्यावर यांनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

‘थांब जरा. ते घेऊ. ते... हिरवं, गोल...’

‘ओंदेलगा?’ मी म्हटलं.

‘ते न्हवं गं. पान. आठला गोळी हाय, त्याच्या आत खाऊन घेऊ.’ आणि मग, रिक्षावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, ‘अनसूया, तुला गुलकंदाचं का साधं?’

मी गुलकंदाचं म्हटलं. अव्वांनी रस्त्याकडे बघत, कुणाला म्हणून नाही असं, दोन बोटं तोंडाशी नेली.

‘ननगू ओंद एलि,’ त्या म्हणाल्या. मला पण एक पान.

या वेळी मला अगदी बरोबर कळलं.